आमची वाटचाल: बारा खुंट्या आणि एक पोकळ गोळा

बेळगावात आता बरेच जण "वर्ल्ड गेम्स कॅम्प" घेतात. बॅनरवर फिनलंडची मोल्की, फ्रान्सचा पेतांक, मलेशियाचा सेपाक टकरा असं सगळं छापलेलं असतं आणि खाली मोठ्या अक्षरात "बेळगावात पहिल्यांदाच". तर ते पहिल्यांदा नव्हे. त्यांच्या कितीतरी आधीपासून शहापुरातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमधे हे सामान बनतंय, आणि आम्ही ते टेम्पोत घालून खानापूरपासून निपाणीपर्यंत शाळांत, मंडळांत, गणपतीच्या स्पर्धांत नेऊन पोरांना खेळवलंय, त्या त्या देशाच्या भाषेत मोजायला आणि हाका मारायला शिकवलंय. हे कोणी लिहून ठेवणार नाही म्हणून मीच लिहितो.

मूळचं आमचं काम खरादीचं, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून गोल घडवायचं. वडील पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, पोळपाट-लाटणी करायचे. प्लास्टिक आणि स्टील आल्यावर ते काम कमी कमी होत गेलं, ते सगळ्यांनाच माहिती आहे, त्यात नवीन काही नाही. मग उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचे ओळखीचे साहेब फिनलंडला जाऊन आले आणि येताना मोल्कीचा एक सेट घेऊन आले. त्यांच्या कॉलनीत सगळ्यांना तो इतका आवडला की "अजून दोन करून देतोस काय?" म्हणून माझ्याकडं आले. त्या दोन सेटवर आमचा धंदा उभा राहिला.

मोल्की बघितली नसेल तर सांगतो. बारा खुंट्या, 15 सेंटीमीटर उंच, वरचं तोंड तिरकं कापलेलं, त्यावर 1 ते 12 आकडे, आणि फेकायला एक दांडका. एकच खुंटी पडली तर तिच्यावरचा आकडा मिळतो, जास्त पडल्या तर जितक्या पडल्या तितके पॉइंट. बरोबर 50 करायचे. 50 च्या वर गेलं की परत 25 वर. आणि पडलेली खुंटी जिथं लोळत गेली तिथंच उभी करायची, त्यामुळं सुरुवातीला दाटीनं उभ्या असलेल्या खुंट्या खेळता खेळता मैदानभर पसरतात. हा खेळ 1996 मधे फिनलंडच्या लाहती गावाकडं बाजारात आला, म्हणजे फार जुना नाही, पण त्यांच्या जुन्या गावठी खेळावरून घेतलेला आहे. वय लागत नाही, ताकद लागत नाही, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फेकीला कोणीतरी मोठ्यानं आकडा म्हणावाच लागतो. आमचं सगळं काम या मोठ्यानं आकडा म्हणण्यावर चाललंय.

लाकडाचं बोलायचं तर तिकडं बर्च आणि पाइन वापरतात. आपल्याकडं मी साग, फणस, आकेशिया, सिल्व्हर ओक सगळं लावून बघितलं. साग महाग पडतो आणि तिरक्या कडेला चिरफळ्या जातात. फणस रंगाला सुंदर पण दांडक्याचा मार खाऊन लवकर दबतो. गोकाकची खेळणी ज्या हलक्या लाकडाची करतात ते लाकूड तर इथं चालतच नाही, वाऱ्यानं सुद्धा पडेल. आकेशिया बसला. पण ओला आकेशिया लेथवर लावू नका, कोण काय सांगू दे. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस बघितलाय ना, त्या हवेत ओल्या लाकडाची खुंटी चार महिन्यात अंडाकार होते आणि उभीच राहत नाही. सावलीत रचून, मधे पट्ट्या घालून वाळवा, वर्ष गेलं तरी चालेल. आमच्याकडं वडिलांची गोल पटाशी आहे, मूठ तीनदा बदलली पण पातं तेच, शेवटचा हात मी अजून तिनंच मारतो. सँड पेपरनं तो फिनिश येत नाही.

आता बाईंबद्दल. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. आम्ही तिथं पहिल्यांदा सेट घेऊन गेलो तेव्हा मी पोरांना फिनिश आकडे शिकवत होतो, उक्सी, कक्सी, कोल्मे, पोरं खुश. खेळ झाल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, फिन्लंडचं नंतर शिकवा, आमच्या पोरांना अजून कन्नड आकडे नीट येत नाहीत की ओ. बसमधे कंडक्टरनं पैसे सांगितले की नुसती बघत बसतात. त्याचं काहीतरी करा."

तिथून आमची पद्धत ठरली. खुंटीच्या तिरक्या तोंडावर इंग्रजी आकडा, एका बाजूला मराठी अंक, दुसऱ्या बाजूला कन्नड अंक. पहिली फेरी स्वतःच्या भाषेत, दुसरी शेजारच्या भाषेत, तिसरी ज्या देशाचा खेळ त्याच्या भाषेत. मराठी शाळेत ओंदु, एरडु, मूरु, आणि बैलहोंगलकडच्या कन्नड शाळेत एक, दोन, तीन. पोरं मैदानात "हन्नेरडु! हन्नेरडु!" (बारा! बारा!) म्हणून ओरडायला लागली की त्यांना कळत पण नाही की आपण दुसरी भाषा बोलायलोय. बाई दरवर्षी आमच्याकडनं सेट घ्यायच्या. शाळेच्या फंडात पैसे नसले की गावातल्या लोकांकडनं जमवायच्या, पण कधी उधारी ठेवली नाही, आणि बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेल्या की तिथनं पहिला फोन आम्हालाच. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांच्यासारखं दुसरं नाही.

या अंकांवरनं आम्हाला त्रासही झाला. एका गावात काही लोकांनी येऊन विचारलं, मराठी अंक कशाला? दुसऱ्या गावात दुसऱ्या लोकांनी येऊन विचारलं, कन्नड अंक कशाला? दोन्हीकडं कॅम्प बंद पडला, दोन्हीकडं टेम्पोचं भाडं आमच्या अंगावर. 1956 पासून या भागात काय काय झालंय ते मला शिकवायला नको, माझ्या घरात पण सीमा आंदोलनात गेलेली माणसं आहेत. मराठीचा अभिमान मला कोणापेक्षा कमी नाही. पण सहा-सात वर्षाच्या पोराच्या हातातली खुंटी कोणी हिसकावून घेऊ नये, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. खुंट्यांवरचे अंक आम्ही पुसले नाहीत.

पेतांकमधे आमचे टर्नर अण्णा आले. हा खेळ दक्षिण फ्रान्समधल्या ला सिओता गावातला, साधारण 1907 चा. एका जुन्या खेळाडूला संधिवात झाला, त्याला पळत येऊन गोळा फेकता येईना, म्हणून एका जागी दोन्ही पाय टेकून फेकायचा असा नियम करून नवीन खेळच तयार झाला. लाकडी छोटी गोळी 6 ते 10 मीटरवर टाकायची आणि आपले लोखंडी गोळे तिच्या जवळ न्यायचे, 13 पॉइंटला गेम. म्हाताऱ्या माणसांसाठी इतका चांगला खेळ मी दुसरा बघितला नाही. टिळकवाडीत सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना आम्ही तो शिकवला आणि ते "ट्रेझ!" (फ्रेंचमधे तेरा) म्हणून हात वर करायचे तेव्हा बघण्यासारखं असायचं.

पण गोळा कुठनं आणायचा? बाहेरून मागवायचा तर परवडत नाही. नियमात गोळा 70.5 ते 80 मिलिमीटर, वजन 650 ते 800 ग्रॅम. मला वाटलं लोखंडाचा बार घ्यायचा आणि टर्न करायचा, म्हणजे लेथवर कातून गोल करायचा. उद्यमबागेत अण्णांचं छोटं वर्कशॉप, एक जुनी लेथ, एक ग्राइंडर, आणि स्वतः. माणूस चिकोडीकडचा, घरी कन्नड, माझ्याशी मराठी, लेथशी दोन्ही. त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला, "75 चा भरीव गोळा केलास तर पावणेदोन किलो होतोय, काय तोफ उडवणार हायस काय गा?" म्हणजे गोळा पोकळ पाहिजे आणि भिंत साधारण 6 मिलिमीटर. मग दोन वाट्या टर्न करायच्या, आतला गोल आधी, टेम्प्लेट लावून लावून, मग जोडून आर्गन वेल्डिंग, मग परत लेथच्या पकडीत धरून बाहेरचा फिनिश कट. वेल्ड जरा जरी एका बाजूला जाड झाली तर गोळा जमिनीवर वाकडा पळतो. अण्णा प्रत्येक गोळा काचेवर लोळवून बघायचे. व्हर्नियरच्या मापपट्टीनं मापात बसला तरी काचेवर वाकडा गेला की बाजूला. असे बाजूला टाकलेले गोळे शेडमधे ढिगानं होते, त्यातला एकही विकला नाही.

पुढची काही वर्षं चांगली गेली, कॅम्प होते, ऑर्डरी होत्या. मलेशियाहून इथं मेडिकल शिकायला येणारी पोरं ओळखीची झाली, त्यांच्याकडून सेपाक टकरा शिकलो. बॅडमिंटनच्या डबल्सचं कोर्ट तेवढंच, 13.4 बाय 6.1 मीटर, त्यामुळं वेगळं मैदान लागत नाही, तीन-तीन जण, हात लावायचा नाही, पायानं आणि डोक्यानं नेटवरून मारायचं. वेताचा बॉल आमच्या ओळखीच्या बुरुडाकडनं विणून घेतला. त्या बदल्यात आम्ही त्यांना खो-खो शिकवला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताला टकरात पहिलं ब्राँझ मिळालं तेव्हा आमच्या कॅम्पच्या पोरांनी फटाके वाजवले, बाकी बेळगावला पत्ता पण नव्हता.

आणि मग ती कंपनी. मोठ्या शहरातली, नाव घेत नाही. त्यांचा माणूस आला, गोड बोलला, "सर, तुमचं काम आम्ही सगळ्या कर्नाटकात नेऊ", आणि सगळे सेट महिनाभर भाड्यानं घेऊन गेला. सेट परत आले. पुढच्या सीझनला त्यांच्या कॅटलॉगमधे आमचीच मोल्की, आमचीच तीन फेऱ्यांची पद्धत, "थ्री लँग्वेज राउंड" असं नाव देऊन. खुंट्या प्लास्टिकच्या, पेतांकचे गोळे प्लास्टिकमधे वाळू भरून. किंमत आमच्या निम्मी. शाळा भराभर तिकडं गेल्या, दहा-दहा वर्षं आमच्याकडनं घेणाऱ्या सुद्धा. मी त्या शाळांत जाऊन प्लास्टिकची खुंटी आणि आकेशियाची खुंटी शेजारी ठेवून दाखवली. प्लास्टिकची फरशीवर पडली की टुणकन उडते आणि भलतीकडं जाते, खेळच मोडतो. "हो सर, बरोबर आहे सर" म्हणायचे आणि ऑर्डर तिकडं द्यायचे. मुलांना तिसऱ्या फेरीला शिकवणारा माणूस तर त्यांच्याकडं नव्हताच, मोबाईलवरनं आवाज वाजवायचे. पोरांनी माणसाच्या तोंडाकडं बघून शब्द उचलायचा असतो.

यातनं सावरावं म्हणून जानेवारी 2020 ला एका मोठ्या संस्थेची ऑर्डर घेतली, त्यांच्या सगळ्या शाळांसाठी. लाकूड उचललं, स्टील उचललं, अण्णांनी दोन पोरं कामाला घेतली. माल मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचवला. 25 मार्चला लॉकडाऊन. त्यानंतर त्या संस्थेत फोन उचलणारा माणूस दर वेळेला वेगळा. कर्नाटकात पहिली ते पाचवीच्या शाळा 25 ऑक्टोबर 2021 ला उघडल्या, तोपर्यंत आमचा माल त्यांच्या गोडाऊनमधे आणि आमचं कर्ज सोसायटीत. घरच्या पाटल्या गहाण. शेडचं भाडं थकलं. मालकानं कुलूप लावायची तारीख सांगितली होती. त्यात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला आणि जो तो पर्चेसवाला आधी तेच विचारायला लागला. नोंदणी केलेल्या हस्तकला कारागिरांना त्यात सूट आहे, हे समजेपर्यंत आणि कागद होईपर्यंत अजून एक सीझन गेला.

लहान धंदेवाल्यांनो, उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा, फुकट आहे. 2006 च्या कायद्यानं लहान उद्योगाचं बिल गिऱ्हाइकानं 45 दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर चक्रवाढ व्याज, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. आमचे पैसे शेवटी त्याच रस्त्यानं आले, उशिरा आले पण आले. डिलिव्हरी चलनावर माल पोचल्याचा सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. आणि संस्था कितीही मोठी असू दे, निम्मे पैसे आधी.

लॉकडाऊनच्या त्या दिवसांत दोन माणसं पाठीशी उभी राहिली. अण्णांनी मजुरी मागितली नाही, उलट म्हणाले, "लेथ हाय, मी हाय, गडबड करू नको." आणि बाई, शाळा बंद असताना, रिटायर व्हायला आलेल्या असताना, गावातल्या चावडीपुढं चार-चार पोरांना लांब लांब उभं करून मोल्की खेळवायच्या आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पगारातनं नवीन सेट घेतले. मी पैसे नको म्हटलं तर रागावल्या. शेडचं भाडं त्या पैशातनं गेलं.

आता काम परत लागलंय. जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा वर्ल्ड कप झाला, पेरू आणि ब्राझीलच्या टीम आल्या होत्या, भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही फायनल नेपाळविरुद्ध जिंकल्या, त्यानंतर खो-खोच्या खांबांना सुद्धा चांगली मागणी आली. 120 सेंटीमीटरच्या वर, टोक गोल, कुठं कड नको. हे आमचं रोजचंच काम. बाई रिटायर झाल्या, पण त्यांच्या जुन्या शाळेच्या नवीन सरांनी ऑर्डर चालू ठेवलीय. अण्णांना आता बारीक दिसत नाही, पण गोळा काचेवर लोळवायला तेच बसतात.

परवा त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यांचे वाळूचे गोळे फुटायलेत, कुठल्यातरी मोठ्या क्लबला खरे स्टीलचे पाहिजेत, तुम्ही करून द्याल काय, नाव मात्र कंपनीचं टाकायचं. मी सांगितलं, गोळ्यावर बेळगाव कोरलेलं असणार, आणि शंभर टक्के ॲडव्हान्स. विचार करून सांगतो म्हणालाय. स्टीलचा बार अण्णांनी कापून ठेवलाय, कंपनीनं गोळे नाही घेतले तर टिळकवाडीच्या आजोबांचे जुने सेट बदलायचे आहेतच.