पंधरा कोऱ्या स्लाइड आणि एवढासा ब्लॉक

नव्या औषधाच्या ट्रायलचं किट लॅबमध्ये आलं की मी मॅन्युअलमधलं एकच पान आधी उघडते: स्लाइड किती आणि किती मायक्रॉनच्या. या खेपेला फुप्फुसाचा कॅन्सर. ४ मायक्रॉनच्या १५ कोऱ्या स्लाइड, त्याही चार्ज्ड (टिश्यू घट्ट धरून ठेवणाऱ्या), साध्या चालणार नाहीत. आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे टिश्यू बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यात काय, तर सुईने काढलेले शेवईएवढे दोन तुकडे.

१५ चोक ६०. साठ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा नाही, मग रडायचं कशाला? रडायचं ट्रिमिंगमुळे. ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, दुसऱ्यांदा चढवला की तो आधीच्या कोनात बसत नाही. पातं पुन्हा सपाट लागेपर्यंत जे कापलं जातं ते सगळं कचऱ्यात. पीडी-एल१ या प्रथिनाची तपासणी आज, ईजीएफआर या जनुकाची पुढच्या आठवड्यात, ट्रायलचं त्यानंतर, असं केलं तर टिश्यू तपासणीआधीच संपायचा. म्हणून सगळे सेक्शन (काप) एकाच बैठकीत काढावेत, या मताची मी. फक्त ते वेळेत वापरायला हवेत. कापलेल्या स्लाइड महिनोन्‌महिने पडून राहिल्या की अँटिजेन (तपासणीत शोधायचं प्रथिन) फिका पडतो.

ब्लॉक बर्फावर गार केला, पातं नवं लावलं. आधीच्या पेशंटचा कण चिकटून आला तर डीएनएची तपासणी फसते. सलग कापांची रिबन कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपसूक उलगडतात, तेवढ्यात स्लाइड खालून तिरकी घालून उचलायची. पहिली आणि शेवटची स्लाइड एच अँड ई या नेहमीच्या रंगासाठी. गाठ शेवटपर्यंत टिकली का, हे पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच कळतं. पीडी-एल१च्या २२सी३ चाचणीला निदान १०० जिवंत गाठपेशी लागतात.

फॉर्मवर ‘फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ’ हा रकाना नेहमीसारखा कोरा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ या प्रथिनाच्या तपासणीसाठी टिश्यू ६ ते ७२ तास फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा नियम आहे, तरी तिथेही हेच. ओटीतल्या घड्याळाखाली उभं राहून चार आकडे लिहायला काय जातं, देव जाणे. माझं सगळं कौशल्य त्या फॉर्मेलिनच्या डबीनंतर सुरू होतं.

तेवढ्यात कोऑर्डिनेटर आली. “ताई, कुरिअर तीनला येतंय. अख्खा ब्लॉकच देऊ या का?”

“अजिबात नाही. उद्या पेशंटला नवं औषध द्यायचं ठरलं, तर तपासायला काय उरेल?”

११ निघाल्या. गाठ पातळ होताना दिसली तशी थांबले. ‘टिश्यू अपुरा’ असं कारण लिहून तिने सही घेतली, तोंड जरा वाकडं करूनच.