तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांची खेळणी मुलांना का देत नाही?

घरी आलेला माणूस शोकेसपाशी थांबतो, निळ्या बाहुल्या बघतो आणि चहा येईपर्यंत प्रश्न येतोच. "इतकी खेळणी आहेत, मग मुलांना का देत नाहीस?" वहिनीने विचारलंय, शेजारच्या काकूंनी विचारलंय, ऑफिसातल्या मैत्रिणीने तर दोनदा. आजवर मी "नाजूक आहेत हो" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नाही. या निळ्या बाहुल्या म्हणजे स्मर्फ. स्मर्फ टेबलावरून फरशीवर पडला तरी त्याला काही होत नाही. तो मुलांच्या हातात जायलाच बनवलेला असतो.

माझ्याकडे 143 आहेत. बहुतेक सगळे मी नोकरीसाठी जर्मनीत, स्टुटगार्टला होते तेव्हाचे. तिथल्या कार्ल्सप्लात्झवर शनिवारी जुना बाजार भरतो. पहिल्या हिवाळ्यात मला जर्मन येत नव्हतं, सुट्टीच्या दिवशी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिथे नुसती फिरायचे. एका आजींच्या टेबलावर चमच्यांच्या ढिगात एक आरसेवाला स्मर्फ होता, टोपीत फूल, हातात आरसा. मी बोट दाखवलं, आजींनी एक बोट वर केलं. एक युरो. त्या दिवशी माणसाशी झालेला माझा तेवढाच व्यवहार.

मग नाद लागला. हे पात्र पेयो या बेल्जियन चित्रकाराचं, 1958 सालचं. पण बाहुल्या 1965 पासून श्लाइश कंपनीने काढल्या, आणि ती कंपनी तेव्हा स्टुटगार्टहून जवळच, श्वेबिश ग्म्युंड या गावची. त्यामुळे तिथल्या माळ्यांवर, तळघरांत स्मर्फ सापडायचेच. तळव्यावर बारीक अक्षरं असतात, भिंगातून वाचावी लागतात : पेयो, श्लाइश, वेस्ट जर्मनी किंवा हाँगकाँग, आणि एक साल. ते साल साच्याचं असतं, बाहुली त्याच वर्षी निघाली असं नाही. एकच साचा कितीतरी वर्षं चालायचा, रंग मात्र हाताने दिलेला, म्हणून दोन स्मर्फांचे डोळे कधी तंतोतंत सारखे नसतात. ते बघत मी तासन्‌तास बसू शकते. यात काय मिळतं, हा प्रश्न मला कळतच नाही.

आता मुलांचं.

माझा भाचा तेव्हा पाच वर्षांचा होता. दिवाळी, भाऊबीज, घर भरलेलं. मी ओवाळणीचं ताट भरत होते आणि शोकेसची किल्ली कुलपालाच राहिली होती. बाहेर आले तर हा सोफ्याखाली बसून आरसेवाल्याशी बोलत होता. स्मर्फांच्या अंगात सदरा नसतो, नुसती टोपी आणि विजार. याने स्वतःचा रुमाल काढून त्याला गुंडाळला होता. मला बघून म्हणाला, "आत्या, याला थंडी वाजतेय." मी तो स्मर्फ त्याच्या हातातून ओढून घेतला. मागितला नाही, ओढला. रुमाल खाली पडला. पोरगं आधी रडलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. मग रडलं.

दादा म्हणाला, "अगं, खेळणंच आहे ना?" आणि मी म्हणाले, "जुना रंग आहे दादा, शिसं असतं त्यात. तोंडात घातलं असतं म्हणजे?"

हे मी तिथल्या तिथे शोधून काढलेलं कारण होतं. अगदीच निराधार नव्हतं. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पेट्रोलपंपांवर स्मर्फ मिळायचे, तेव्हा त्यांच्या रंगातल्या शिशावरून ओरड झाली होती. जुना रंग लहान मुलाच्या तोंडात जाऊ नये, हे आजही मी कोणालाही सांगेन. पण हात पुढे केला तेव्हा माझ्या डोक्यात शिसं नव्हतं. माझं आहे, एवढंच होतं. दादा गप्प झाला. ओवाळणी झाली, कोणी नीट जेवलं नाही.

स्टुटगार्टमधली मी हे वाचून चिडली असती. तिथे काही लोक स्मर्फ डबीतून काढायचेच नाहीत, त्यांच्याबद्दल मी वहीत लिहून ठेवलंय, "यांना बाहुलीचं प्रेम नाही, मालकीचं आहे." तिला मी एवढंच सांगेन की हे लिहिलंस तेव्हा तुझ्याकडे नऊच होते आणि घरात एकही मूल येत नव्हतं.

अजून एक गोष्ट आहे, ती मला स्वतःलाच नीट उलगडत नाही. मला झिजलेले स्मर्फ जास्त आवडतात. नाकाचा शेंडा आणि टोपीचं टोक, तिथला रंग आधी जातो, कारण पोरं त्यांना तिथेच धरतात, तिथेच आपटतात. अशांना किंमत कमी येते, तरी मी तेच उचलायचे. कुठल्यातरी जर्मन पोराने त्याला अंघोळ घातली असेल, खिशात घालून शाळेत नेलं असेल, हे मला हवं असतं. दर उन्हाळ्यात जुनं प्लास्टिक चिकट होतं, त्यावर धूळ बसते, तेव्हा मी एकेकाला कोमट पाण्यात साबणाने, मऊ ब्रशने धुते, आणि तो झिजलेला भाग जपून धुते. मग माझ्या भाच्याने झिजवला असता तर? याचं उत्तर मी अनेकदा शोधलंय. "एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो" हे एक उत्तर. "त्या पहिल्या हिवाळ्यातला तो एकच आहे" हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही मला पुरत नाहीत.

त्याला मी नंतर नवा स्मर्फ घेऊन दिला. "थँक्यू आत्या," म्हणाला आणि वहिनीकडे दिला.

यंदा गणपतीत तो आला होता. नऊ वर्षांचा आहे आता. बराच वेळ काचेसमोर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मी किल्ली काढली, दार उघडलं, आरसेवाला त्याच्यापुढे धरला.

"नको आत्या," तो म्हणाला, "त्यात शिसं असतं ना."

मी त्याला खरं सांगायला हवं होतं. दार लावून घेतलं.