फुस्स

आमच्या मामाकडं एक लाल टू-सीटर आहे, सॅन स्टॉर्म. आत्ताच्या पोरांना नाव सांगितलं की ती आधी मोबाईल काढून शोधतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली गाडी, फायबरची बॉडी, उघडणारं छप्पर, आत रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन आणि घोडे फक्त 60. कुणी म्हणालं की 60 घोड्यांत कसली ओ स्पोर्ट्स कार, तर मामा म्हणायचा बसून बघ, मग बोल. आणि खरंच, बूड रस्त्यापासून वीतभर वर असलं की सत्तरचा स्पीडपण दीडशेचा वाटतो.

तर ही गाडी 2020 च्या मार्चमध्ये कव्हरखाली गेली ती लॉकडाऊन उठला, महापूर येऊन गेला, मामाचे गुडघे गेले तरी कव्हरखालीच. मामी महिन्यातनं एकदा कव्हरवरची धूळ झटकायची. म्हणजे सांभाळूनच ठेवली होती, टाकून दिली नव्हती, पण गाडीला त्यातला फरक कळत नाही. आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी वर्षातनं एकदा का होईना दसऱ्याला बाहेर निघते, ह्या बिचारीला तेवढापण दसरा नव्हता.

गेल्या दिवाळीत मामा म्हणाला, घेऊन जा, चालव तरी.

बॅटरी मेलेली होतीच, बदलली. टाकी रिकामी केली तर पेट्रोलला वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या वॉर्निशच्या डब्याचा. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, मागं चिकट माल राहतो, त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेलं उसाचं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा? ऊस आमचाच, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करायची. फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, काजळी धरलेले प्लग फेकून नवे टाकले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं गादी घातलेली, त्यातला कापूस आपल्या गोधडीचा आहे हे मामीनं लांबनंच ओळखलं.

एवढं केल्यावर गाडी सुरू झाली. रंकाळ्याला चक्कर मारली, एकदम ओके. टायर एकाच जागी उभे राहून चपटे झालेले त्यामुळं धडधड होत होती, पण ते ठीक. मग रविवारी जोरात पन्हाळ्याला निघालो आणि केर्ली सोडून वाघबीळच्या चढाला लागलो तशी गाडी उचक्या द्यायला लागली, दोन उचक्या, तीन, आणि बंद. दहा मिनिटं थांबलो, चालू झाली, थोडं पुढं जाऊन परत तेच. गॅरेजला नेली की दिवसभर घड्याळासारखी चालायची.

मग काय, गल्लीत सगळेच डॉक्टर. कॉइल तापतीय, पंप गेलाय, सेन्सर असंल, विकून टाक भावा. त्यातल्या एकाचं मात्र पटलं. तो म्हणाला, फायबरची बॉडी हाय न्हवं, अर्थिंग बघ. पत्र्याच्या गाडीत बॉडीच निगेटिव्हचं काम करते, फायबरमधनं करंट जात नाही त्यामुळं सगळ्याला वेगळी वायर ओढावी लागते आणि तिची टोकं गंजली की भुताटकी सुरू. सगळी टोकं घासून काढली. कधीपासनं बंद असलेला मागचा दिवा लागला, चढावर मात्र परत उचक्या. पंपपण बदलून झाला.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, बंद का पडती ते ऱ्हाऊ दे, चालू व्हायच्या आधी तुम्ही काय करतासा? म्हटलं काय करणार, उतरतो, पेट्रोलचा काटा चालत नाही म्हणून टाकीचं झाकण काढून बघतो, परत लावतो.

"झाकण काढल्यावर आवाज येतोय?"

"हो, फुस्स करतं."

मिस्त्री हसले. म्हणाले, 15 किलोच्या तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडत्यात? एकच पाडलं तर तेल गुडगुड करत अडकतं, हवा आत आली तरच धार लागते. टाकीचं तसंच, पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे, ती नाही आली की टाकीच पेट्रोल मागं ओढून धरती, पंप कितीबी नवा असू दे. चढाला पेट्रोल जास्त जातं म्हणून तिथं अडायची, आणि गॅरेजमध्ये पहिलं काम झाकण उघडून बघायचं, मग रोग दिसणार कसा? टाकीच्या हवेच्या नळीत त्यांनी तार घातली तर टणक मातीचा गोळा निघाला. कुंभारीण माशीनं पाच वर्षांत नळीत घर बांधलेलं, आत वाळलेले कोळी सुद्धा.

मिस्त्रींनी दोनशे रुपये घेतले. त्याआधी मी किती घातले होते ते मामाला सांगितलेलं नाही, मामीला तर नाहीच.

पुढच्या रविवारी मामाला शेजारी बसवून वाघबीळ एका दमात चढलो. वर झुणका-भाकरीच्या हॉटेलसमोर मामाला सीटमधनं उपसून काढायला मी आणि तिथला पोरगा असे दोघं लागलो. उभा राहिल्यावर तो भाकरीकडं न जाता लंगडत मागं गेला, टाकीचं झाकण फिरवलं आणि कान लावून बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.

"काय ऐकतोयस मामा?"

"काय न्हाई," म्हणाला, आणि झाकण लावलं.