आयर्विनला किती?

२३ जुलै, सांगली

टेम्पो दुपारी आला, भर पावसात. अकरा खोकी, शिलाई मशीन, दोन सुटकेसा आणि जास्वंदाची एक कुंडी, जी पेठ नाका ते सांगली या रस्त्याने कुठेतरी फुटली. आईने सामानावरून एकदा नजर फिरवली आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "कराडला पाऊस कसाय रे?" मला काही नाही विचारलं. चहा टाकायला आत गेली.

परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय, आता सहा महिन्यांची मुदत. पुण्यातलं भाड्याचं घर सोडलं. काम लॅपटॉपवरच, कुठूनही होतं. हे सगळं फोनवर सांगून झालं होतं, त्यामुळे आज बोलण्यासारखं उरलं ते फक्त पाणी.

संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. "माहेरपणाला का गं? किती दिवस?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पंचमी करून जाईल."

मी गप्प बसले. खोकी बैठकीच्या मध्यावर तशीच.

२४ जुलै

या घरात वस्तूंच्या दोन जाती आहेत. पाण्यात गेली तरी चालेल ती खाली, चालणार नाही ती माळ्यावर. खाली लोखंडी खाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलचे डबे. माळ्यावर घराची कागदपत्रं, फोटो, आईच्या चार चांगल्या साड्या आणि बाबांच्या वह्या. वह्यांमध्ये दुसरं काही नाही. तारीख, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, कोयना धरणाचा विसर्ग. पावसाळ्यातले सगळे दिवस, वर्षानुवर्षं. पूल १९२९चा. त्याच्यावर फुटांचे आकडे आहेत आणि अख्खी सांगली जुलै-ऑगस्टमध्ये त्या आकड्यांवर जगते. ४० इशारा, ४५ धोका. वाटेत कुणी भेटलं की "काय म्हणता?"च्या जागी "आयर्विनला किती?"

बैठकीच्या भिंतीवर बाबांनी पेन्सिलने ओढलेल्या तीन रेघा आहेत. २००५ची माझ्या गुडघ्याशी. २०२१ची कमरेशी, जराशी वाकडी, कारण तोवर हात थरथरायला लागला होता. आणि २०१९ची पार हनुवटीशी. त्या वर्षी नदी ५७ फुटांच्या वर गेली. बाबा २००५च्या रेघेवर विसंबले होते. फ्रिज रेघेच्या वर राहील एवढ्या विटा लावून ठेवला आणि निर्धास्त झाले. होडीतून बाहेर पडताना तो फ्रिज स्वयंपाकघरात आडवा तरंगताना आईने पाहिला. परत आल्यावर कापसाच्या गाद्या चौघांनीही उचलेनात. गाळाचा तो वास, आई सांगते, दिवाळीपर्यंत फडताळातून गेला नाही.

(कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की नदीच्या पात्रात घुसलेल्या बांधकामांमुळे, हा वाद इथे पानाच्या टपरीवर अजून चालतो. आईला त्यात रस नाही. "कुणामुळे का येईना, गादी माझीच भिजते.")

बाबा गेल्यावर घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याकडून तिने त्या तीन रेघा वगळून घेतल्या. पांढऱ्या भिंतीवर जुन्या पिवळ्या रंगाच्या तीन पट्ट्या आहेत. घाणेरड्या दिसतात, खरं सांगायचं तर.

खोकी अजून खालीच. आई त्यांना वळसा घालून केर काढते.

२६ जुलै

सकाळी ३६, दुपारी ३८. कोयनेचे दरवाजे उचललेत, सोडलेलं पाणी इथवर पोचायला वेळ लागतो, म्हणजे अजून चढणार. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं सामान हलवायला लागली. आमच्या घरात यायला अजून बरंच पाणी लागेल, पण २०१९नंतर आई चाळिसाची वाट बघत नाही. जेवणं झाल्यावर पदर खोचला आणि शिडी लावली. आधी माळ्यावरचे पितळी हंडे खाली दिले. "पितळ आहे, चिंचेनं घासलं की झालं." मग बंब, मग परात. माळ्याचा एक अख्खा कोपरा रिकामा झाला.

"दे," वरून हात पुढे करून म्हणाली.

"काय?"

"तुझं. काय काय वर घ्यायचं ते दे."

मी म्हटलं, तीन दिवस बोलली नाहीस, मला वाटलं माझं सामान चालेल त्यातलं. शिडीवरूनच माझ्याकडे बघितलं तिने. "तुझं सामान, मी कशी ठरवू? आणि काकूंना काय सांगायचं ते पण तू ठरव. मला सुचलं ते मी सांगितलं."

मग मी एकेक खोकं फोडत बसले. मिक्सर, पडदे, डिनर सेट, पाहुण्यांसाठी जपलेल्या चादरी. हे चालेल, हेही चालेल. लाइट दोनदा गेले. मध्यरात्रीपर्यंत वर दिली ती तीन खोकी: पुस्तकं, आजीची गोधडी, कोर्टाची फाइल. मशीन जड म्हणून खाटेवर चढवलं. खाली राहिलेल्या आठांपैकी सात पुन्हा चिकटपट्टी लावून बंद केली. आठव्यात लग्नाचा अल्बम. तो शिडीपर्यंत नेला, परत आणला, पुन्हा नेला.

आई खाली उतरली. अल्बम माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि फ्रिजसाठी बांधलेल्या ओट्यावर ठेवला. पुराआधी बांधलेला नाही हा, नंतरचा, कमरेएवढा उंच.

"राहू दे इथे," म्हणाली. "पंचेचाळीसला बघू."