असईची आगबोट

जामनेरजवळचे आमचे जुने धाब्याचे घर गेल्या उन्हाळ्यात उतरवले, तेव्हा सुताराने सागाच्या तुळईतून उपसलेला बोटभर खिळा माझ्या तळहातावर ठेवला. मातीच्या छताखाली इतके पावसाळे काढूनही त्याला गंज असा जवळजवळ नव्हताच. सागाच्या अंगचे तेल लोखंडाला सांभाळते, तर इंग्रजांची जहाजे ज्याची होत, त्या ओकच्या लाकडातले आम्ल ते खाऊन टाकते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांची इंग्रजांना एवढी ओढ का होती, याचे निम्मे उत्तर मला त्या खिळ्यात मिळाले.

१८५४ मध्ये याच गोदीत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारासाठी 'असाये' आणि 'पंजाब' या दोन वाफेच्या फ्रिगेट, म्हणजे लढाऊ आगबोटी, पाण्यात उतरल्या. 'असाये' म्हणजे आमच्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचे, जालना जिल्ह्यातले असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. ज्या गावाने कधी समुद्र पाहिला नाही, त्याचे नाव आपल्याच पराभवाची आठवण म्हणून लाटांवर मिरवले गेले, हे मला आजही बोचते.

मात्र या आगबोटी जन्मतःच थोड्या जुन्या होत्या. त्यांच्या दोन्ही कुशींना पाणी कापणारी प्रचंड चाके होती. ती तोफांची जागा अडवत आणि शत्रूच्या एका गोळ्याने निकामी होऊ शकत. ब्रिटिश आरमाराच्या चाचणीत पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याच्या 'रॅटलर' आगबोटीने चाकांच्या 'अलेक्टो'ला दोरखंडाने उलटे ओढत नेले होते, ते तर १८४५ मध्येच. तरीही १८५६-५७ च्या इराणच्या युद्धात या दोघी लढल्या.

१८६३ मध्ये ते आरमारच मोडीत निघाले आणि जॉन विलिस नावाच्या जहाजमालकाने दोन्ही विकत घेतल्या. 'असाये' त्याने लगेच विकून टाकली. ती १८६५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली. 'पंजाब'चे मात्र इंजिन आणि चाके काढून त्याने तिला निव्वळ शिडांवर सोडले, 'ट्वीड' असे नाव दिले, आणि गंमत अशी की वाफेचे ओझे उतरल्यावरच तिचा खरा वेग जगाला दिसला. तिच्या बांध्यावर विलिस इतका खूश होता की, १८६९ मध्ये 'कटी सार्क' हे पुढे गाजलेले वेगवान शिडाचे जहाज बांधून घेताना त्याच्या डोळ्यांसमोर तीच होती.

१८८८ मध्ये डोलकाठ्या मोडलेल्या 'ट्वीड'ला दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरात ओढून आणावे लागले. तिथेच ती मोडली गेली आणि तिचे लाकूड तिथल्या एका इमारतीच्या छताला लागले.