योनाचा राग आणि दारफाळणीचा सण

इस्रायलमधल्या याफोच्या बंदरावर सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. दाटीवाटीनं बांधलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि आपल्या कोकणातल्या कुठल्याही बंदराला येतो तोच ओला खारट वास. बायबलमधल्या गोष्टीत देवानं योना या संदेष्ट्याला सांगितलं, पूर्वेला निनवे शहरात जा. त्यानं इथे येऊन पश्चिमेला तार्शीशकडे निघालेलं जहाज गाठलं. भाडं भरून चढला, असं हिब्रू मजकुरात मुद्दाम लिहिलंय. जुन्या गावात देवमाशाचं शिल्प आहे. मजकुरात मात्र नुसता 'मोठा मासा'.

योनाला गिळणारा मासा सगळ्यांना ठाऊक असतो. मला ओढ होती ती त्यानंतरच्या गोष्टीची, आणि ती योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये बसून ऐकायची होती. संध्याकाळी उपास सुरू होणार, बस त्याआधीच बंद. म्हणून घाईनं लोद गाठलं. तिथे मैत्रिणीची आत्या राहते. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, जन्म अलिबागजवळचा, साठ वर्षांपूर्वी इकडे आलेली.

"ये गो, उन्हाची दमलीस," म्हणत तिनं पाणी दिलं. "आमची जुनी माणसं ह्याला दारफाळणीचा सण म्हणायची. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही."

रात्री रस्त्यावर एक गाडी नाही. मुलं भर चौकातून सायकली हाकत होती. विमानतळ इतका जवळ, पण तोही बंद; आकाशात आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांच्या बाजूला आत्याशेजारी बसले. वाचन सुरू झालं तशी तिचं बोट ओळींवरून सरकू लागलं, आणि ती माझ्या कानात मराठीत सांगू लागली. योना शेवटी निनवेला जाऊन बजावतो: चाळीस दिवसांनी निनवे उलथणार. हे उलथणं सदोम या पापी शहराचंच. तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, सदोम नष्ट झालं तिथे हेच क्रियापद आहे. तिथे अब्राहामानं पन्नास नीतिमान माणसांपासून दहापर्यंत देवाशी घासाघीस केली, तरी शहर वाचलं नाही. निनवेसाठी कुणी रदबदली केली नाही. राजा गोणपाट नेसून राखेत बसला, गुरांनाही उपास घडला, आणि देवानं शिक्षा मागे घेतली.

इथे योना संतापतो. मला त्याचा राग पटतो, अगदी मनापासून. निनवे म्हणजे अश्शूर साम्राज्याचं शहर, आणि पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांनीच योनाचं इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. दया झाली ती अशांवर! 'तू दयाळू आहेस, मंदक्रोध आहेस, म्हणूनच मी पळालो,' असं तो देवालाच सुनावतो. हे शब्द सीनाय पर्वतावर मोशेनं देवाकडून ऐकलेले. पण मूळ वचन पुढे जातं: दोषी माणसाला तो तसाच सोडत नाही, बापाच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीला विचारतो. योना तो भाग गाळतो. नहूम हा दुसरा संदेष्टा मात्र निनवेवर तोच उगारतो, आणि इ.स.पू. 612 मध्ये निनवे खरंच पडलं. दोन्ही पुस्तकं एकाच संग्रहात, एकानं दुसऱ्याला खोडलेलं नाही.

त्याहून धीट गोष्ट दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेत ऐकली. तिचं नाव नेईला, म्हणजे दार लावणं. त्यात मोशेचं ते वचन पुन्हापुन्हा म्हणतात, पण 'वेनाके'वर थांबतात. 'वेनाके लो येनाके' म्हणजे 'निर्दोष सोडणारच नाही'. नुसतं 'वेनाके' म्हणजे 'निर्दोष ठरवणारा'. वाक्य मधेच तोडून माणसांनी देवाला त्याच्याच शब्दांत धरलंय. सगळे उभे, पंचवीस तासांच्या उपासानं आवाज बसलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मेंढ्याच्या शिंगाचा शोफार वाजला. परतताना कुंपणाशी आत्या थांबली. तिथे एरंड वाढला होता, लालसर देठ, पंजासारखी पानं. "हाच तो," ती म्हणाली. गावाबाहेर रुसून बसलेल्या योनावर देवानं ज्याची सावली धरली आणि जे दुसऱ्या दिवशी किडीकडून वाळवलं, ते झाड. मग देव त्याला विचारतो: तुला झाडाची कीव येते, मग उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी गुरं, त्यांची मला येऊ नये? पुस्तक या प्रश्नावर थांबतं.

"योना काय म्हणाला मग?" मी विचारलं.

"ते लिहिलंच नाही गो," आत्या म्हणाली, आणि कुलूप काढून तिनं दार सताड उघडलं. "चल, चहा टाकते."