तुम्ही विचारलंत म्हणून: नान्नजचा माळढोक गेला कुठे?

मी सोलापूरचा आहे असे कळले की पक्षी पाहणारी मंडळी हमखास विचारतात, ‘तुमच्या नान्नजला तर माळढोकासाठी अभयारण्य आहे, मग माळढोक दिसत का नाही?’ शिकाऱ्यांनी संपवला असेल किंवा वनखाते झोपले असेल, अशी विचारणाऱ्याची समजूत असते. शिकार झाली, हे खरेच. पण माझे उत्तर मामांच्या सातबाऱ्यापासून सुरू होते.

त्या उताऱ्यावर चार एकरांचा मुरमाड तुकडा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीलायक नसलेला, म्हणून लागलेला होता. त्यावर कुसळी गवत आणि धनगरांची मेंढरे, एवढेच त्याचे उत्पन्न. खालचे काळे रानही पावसाळाभर मोकळेच असे, कारण आमचा मुलूख रब्बीचा. मालदांडी ज्वारी पेरायची ती हस्ताच्या ओलीवर. माळढोकाला नेमके हेच लागते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही पावसाळ्याच्या सुमारास उघड्या जमिनीवर, आणि नाकतोडे, भुंगेरे वेचत गवतातून पिकात, पिकातून गवतात फिरते. आम्ही ज्याला नापीक म्हणत होतो, त्यावर तिचा संसार चालला होता.

अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, बाजारपेठा, लोकांची शेते सारे आले. सरकारी ताब्यातले माळ मात्र तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. वारसाखेरीज जमिनीत नवा हक्क निर्माण होऊ नये, असा कायदा असल्याने खरेदीखते अडली आणि ज्यांनी हा पक्षी कधी पाहिलाही नव्हता ती माणसेसुद्धा त्याच्या नावाने बोटे मोडू लागली. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर उजनीचे पाणी, बोअर आणि साखर कारखाने यांनी माळाचा निकाल लावत आणला होता.

जमीन विकायला बंदी होती, पण तिच्यात ऊस लावायला कोणाची हरकत नव्हती, ही यातली खरी गोम आहे. उसाचा दर केंद्र सरकार ठरवते आणि कारखान्याने 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे (तो किती पाळला जातो, हे ऊसवाल्यांनाच विचारावे). ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो. मात्र त्या भावाने ज्वारी घेणारे खरेदी केंद्र मामांनी उभ्या हयातीत पाहिले नाही. त्यामुळे एका उन्हाळ्यात जेसीबी आला, मुरूम फोडला गेला, तलावातला गाळ ट्रॉल्या भरभरून त्यावर पसरला आणि दुसऱ्या वर्षी तिथे पुरुषभर उंचीचा ऊस उभा राहिला. दूरवर नजर टाकून धोका ओळखणाऱ्या पक्ष्याला अशा रानात पाय ठेवायलाही जागा नसते. मामांना मी दोष देत नाही; त्या उसावरच माझ्या मामेबहिणीचे शिक्षण झाले.

खुद्द सरकारलाही गवत हे गवत म्हणून दिसले नाही. 1972 च्या दुष्काळानंतर माळ ‘सुधारण्यासाठी’ त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली, कारण झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, अशीच सरकारी दफ्तराची दृष्टी. आज देशातले उरलेसुरले माळढोक, दीडशेच्या आतबाहेर, मुख्यतः जैसलमेरच्या बाजूला आहेत, आणि तिथल्या मोकळ्या जमिनीवरही आता विजेच्या तारांचे जाळे आहे.

माझ्या मते कोरडवाहू ज्वारीची खात्रीची खरेदी झाली पाहिजे आणि गवत राखणाऱ्याला दरवर्षी एकरी मोबदला मिळाला पाहिजे. गवताची नोंदही पोटखराब म्हणून नव्हे, पीक म्हणून व्हावी. गेल्या दिवाळीत मामांना हे सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘एकरी किती, तेवढं सांग की.’ ठिबकचे आणि शेततळ्याचे अनुदान मी लगेच सांगू शकलो असतो. गवताचा आकडा माझ्याकडे नव्हता.